शिंगवालं डुक्कर

१

हडसनला पुरून तीन दिवस झाले होते आणि दवाखान्याच्या दाराला आडवा बांबू बांधलेला होता. आमच्या बेटावरच्या या खाडीत असा बांबू म्हणजे मनाई. जो ओलांडेल त्याचं डोकं फुटतं, आणि कुणी फोडलं हे विचारायला कुणी येत नाही.

मी बोटीतून उतरलो तेव्हा दुपारचं ऊन होतं आणि कंबर धरलेली होती. निवृत्तीला सात महिने उरले होते. एकतीस वर्षं मी हिवतापाच्या खात्यात काढली. हिवताप होता तिथेच आहे, मी मात्र झिजलो.

"आले बघा मच्छरकाका," हडसनचा धाकटा भाऊ सेल्विन धक्क्यावरूनच ओरडला. "माणूस पुरल्यावर आले. पुढच्या वेळी जरा अजून सावकाश या, म्हणजे वर्षश्राद्धच गाठाल."

भर उन्हात त्याने अंगाभोवती चादर गुंडाळली होती.

हकिगत एवढीच होती. नेहमीचं औषध संपलं, जहाज आलं नाही, म्हणून कचेरीने जुना उपाय पाठवला: तीन दिवस क्विनीनच्या गोळ्या आणि सात दिवस, दिवसातून चार वेळा, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. खाडीच्या दोन्ही काठांना मिळून एकच दवाखाना आणि एकच परिचारिका, डॉर्कस. तिने एकाच डब्यातून एकवीस जणांना औषध दिलं. पलीकडच्या बेथानीचे नऊच्या नऊ बरे झाले. इकडच्या आफुलाचे बाराजण आधी बरे झाले, पण तीन आठवड्यांच्या आत त्यातल्या अकरा जणांचा ताप उलटला. हडसनचा डोक्यात गेला. सहा वर्षं तो मासेमारीच्या जहाजावर होता. भर समुद्रात डास नसतात, त्यामुळे लहानपणापासूनची तापाची सवय अंगातून गेली होती.

बेथानीचे लोकही ख्रिस्तीच, पण शनिवार पाळतात. डुक्कर खात नाहीत, दारू, तंबाखू, सुपारी, काहीच शिवत नाहीत. डॉर्कस त्यांच्यातली. आफुला आमच्यातलं, म्हणजे रविवारवाल्यांचं. झालं, एवढ्यावर गावाने निकाल लावून टाकला होता.

"तिने तिच्या देवळातल्यांना खरी औषधं दिली, आम्हाला पीठ चारलं," सेल्विन म्हणाला. "रविवारी प्रार्थना झाली की बैठक. त्यानंतर ती बाई या खाडीत दिसणार नाही. आणि दवाखानाही दिसणार नाही."

"तुला ताप आहे, सेल्विन."

"असू दे."

"माझ्याकडे क्विनीन आहे थोडं, पण कॅप्सूल तिच्या डब्यातल्याच घ्याव्या लागतील."

"तिच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. मेलो तरी."

हे तो नुसतं बोलत नव्हता. त्याच्या रक्तात पुन्हा किडे झाले होते, आणि त्याची म्हातारी आई रोस्टा हिला आता हा एकच मुलगा उरला होता.

रोस्टानेच बांबूची एक बाजू सोडवून मला आत जाऊ दिलं. आत डबा होता, मोजमापाचा काटा होता, आणि भिंतीवर उन्हाने फिकटलेला जुना कागद होता: कॅप्सूलचं चित्र, शेजारी पेला, त्यामागे एक जनावर आणि सगळ्यावर लाल फुली. सेल्विन दाराबाहेरूनच म्हणाला, "ते शिंगवालं डुक्कर बघितलंत? औषधावर डुक्कर खाऊ नका म्हणे! दवाखान्यात बसून धर्मप्रचार चालतो."

मी कागदाकडे पाहिलं आणि उत्तर द्यायचा कंटाळा केला. डब्यातली कॅप्सूल फोडली. भुकटी पिवळी, कडवट, जशी असावी तशी. तपासणीचा कागद मी बरोबर आणला होता. त्यावर थेंब टाकला आणि वाट पाहिली.

औषध अस्सल होतं. मग आणखी चार कॅप्सूल फोडून पाहिल्या. त्याही अस्सल.

२

शुक्रवारी सकाळी होडीने बेथानीला गेलो. सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथचा विसावा लागतो, म्हणून डॉर्कस दोन दिवसांचा रताळ्यांचा स्वयंपाक एकदम उरकत होती. तिने मला बसायला सांगितलं, पण स्वतः बसली नाही.

"विचारा," ती म्हणाली. "तुम्हीही त्यांच्यातलेच. तुमचे दातच सांगतात."

माझे दात लाल आहेत. चाळीस वर्षं सुपारी खातोय, पांढरे कुठून राहणार?

"औषध सगळ्यांनी गिळलं?"

"सकाळचं आणि संध्याकाळचं माझ्या समोर. मधलं दोनदा घरी. आफुलात मी तोंडं उघडायला लावायची. लाल चिखल नुसता, त्यात काय दिसणार? पण घसा हलताना बघितलाय मी. फसवलं नाही कुणी."

"मग फसवलं कुणी?"

"ते शोधायला सरकार तुम्हाला पगार देतं ना, साहेब?" ती कडवटपणे हसली. "चौदा वर्षं त्यांची बाळंतपणं केली मी. सेल्विनच्या दोन्ही पोरी माझ्या हातात जन्मल्या. आता तोच म्हणतो, मी पीठ चारलं."

तेवढ्यात तिची मुलगी केझाया आत डोकावली. नऊ-दहा वर्षांची असेल. माझ्याकडे पाहून ती हसली आणि चटकन तोंडावर हात धरला. पण मी पाहिलं होतं. पांढऱ्याशुभ्र दातांवर मधोमध पिवळट तपकिरी पट्टा होता.

"हे कशाने?"

डॉर्कसचे हात थांबले. "माझ्यामुळे. दोन वर्षांची होती. फुप्फुसं भरली होती आणि कपाटात हेच एक औषध होतं. लहान मुलांना देऊ नये, मला ठाऊक होतं. दिलं. पोरगी वाचली, दात गेले. ते औषध दातात जाऊन बसतं आणि निघत नाही." तिने चूल सारखी केली. "चूक केली की मी कबूल करते, साहेब. तुम्ही माझ्या पोरीच्या दातांवर लिहिलेली वाचलीत. हडसनचं मरण माझं नाही."

मी परत निघालो. मला तिचं म्हणणं पटलं होतं, पण पटून काय उपयोग? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची गावाने तयारी केली होती, आणि माझ्याकडे चोरच नव्हता.

होडीत बसताना एक गोष्ट मात्र टोचत राहिली. आफुलाचे बारा आजारी, अकरा उलटले. मग बारावा कोण?

३

बारावा होता जेरी. आफुलातला दुकानदार, आणि बोटीचा मालक. डबा शहरातून खाडीत आणला तो त्याच्याच बोटीतून.

शनिवारी सकाळी त्याच्या दुकानाच्या फळीसमोर जाऊन बसलो. तांदूळ, माशांचे डबे, काडेपेट्या, आणि त्यांच्यामागे ठणठणीत जेरी. डोळे स्वच्छ, ताप नाही, थरथर नाही.

"गाव तुझ्याबद्दलही बोलतंय," मी म्हणालो.

"बोलू दे." तो ओठ न हलवता, जीभ जपून बोलत होता. "म्हणतात, जेरीने खऱ्या कॅप्सूल स्वतःला ठेवल्या नि बाकीच्यांना माती. मी रविवारवाला, तरी बरा झालो ना! हाच माझा गुन्हा."

"डबा वाटेत कुठे उतरवलास?"

"कुठे उतरवणार? समुद्रात?"

"मग तू एकटा कसा बरा झालास?"

"मला काय विचारता? मीही तेच गिळलं. चार वेळा. सात दिवस." तो थांबला, गालाला हात लावला. "नशीब म्हणा."

नशीब हा शब्द ऐकला की मला चोराचा वास येतो. मी पिशवीतून चंची काढली, सुपारी फोडली, अर्धी त्याच्यापुढे धरली. आमच्याकडे बोलणं सैल करायला हा उपाय कधी चुकत नाही.

जेरीने मान हलवली. "नको."

"नको?"

"महिनाभर शिवलो नाही. तुम्ही घ्या."

खाडीतला रविवारवाला माणूस पुढे केलेली सुपारी नाकारतो, म्हणजे एक तर तो भांडण उकरतोय, नाहीतर काहीतरी लपवतोय. मी ती अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली, तुंब्यातून काडीने चुना घेतला आणि त्याच्याकडे बघत चघळत बसलो. तो नारळाचं पाणी थेंब थेंब पीत होता. आणि त्याचे दात, एवढ्या वर्षांचे लाल दात, कडेने फिकट व्हायला लागले होते.

त्या क्षणी मला खात्री वाटली की माणूस सापडला. पुरावा तेवढा नव्हता.

४

दुपारी रोस्टाकडे गेलो. दुःखाच्या घरी प्रश्न विचारायला जाणं हे या नोकरीतलं सगळ्यात नकोसं काम. शेजारच्या चटईवर सेल्विन चादरीत कुडकुडत पडला होता.

म्हातारी उंबऱ्यात बसून लाकडी खलबत्त्यात सुपारी कुटत होती. तिला दात नाहीत. "बस बाबा," म्हणाली. "मला एक सांग. त्या औषधात असतं तरी काय? इतकं कडू देतात, मग लागू का पडत नाही?"

मी दमलो होतो, पण तिला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. सांगितलं, की तापाचा किडा रक्ताच्या कणात शिरून रक्त खातो. खाल्ल्यावर खरकटं उरतं, आणि ते खरकटं त्याला स्वतःलाच विष. म्हणून तो त्याचे खडे करून बाजूला ठेवतो. क्विनीन ते खडे होऊ देत नाही. किडा आपल्याच खरकट्याने मरतो.

"बरं. आणि पिवळं औषध?"

"किड्याच्या आत एक छोटं कारखान्यासारखं असतं, आई. तिथे त्याचे सुटे भाग जुळतात. पिवळं औषध तिथे जाऊन अडकतं. जिवंत किड्याला कळतसुद्धा नाही. पण त्याची पिल्लं अर्धवट निपजतात आणि मरतात. बाप जगतो, पोरं..."

मी जीभ चावली. रोस्टाचा बत्ता क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"म्हणून सात दिवस," मी घाईने पुढे म्हणालो. "क्विनीन बरेच मारतं, पण सगळे नाही. उरलेल्यांचा वंश हे संपवतं. याने काम केलं नाही तर माणूस पंधरा-वीस दिवस बरा दिसतो, आणि मग..."

"तसंच झालं." तिने कुटलेला लगदा माझ्या तळहातावर ठेवला. "घे. माझ्या हडसनला फार आवडायचा. जहाजावरून आला तेव्हा म्हणाला, आई, तुझ्या हातच्या कुटलेल्या सुपारीसाठी आलो. त्या औषधाने त्याला उमासे यायचे. मग मीच द्यायची. औषध गिळलं की लगेच हा गोळा. सात दिवस, चारही वेळा. चुना थोडा जास्तच घालायची, म्हणजे पोट शांत राहतं. थुंकू नको म्हणायची, गिळून टाक. एकदाही उलटी नाही झाली त्याला."

मी लगदा तोंडात टाकला. चुना खरंच जास्त होता. गाल चरचरला, आणि आपोआप हात गालाकडे गेला.

तसाच हात जेरीने लावला होता.

मी उठलो. "आई, जेरीला काय झालंय?"

"त्याचं तोंड आलंय की. महिना झाला. चुन्याने सोलून निघालंय सगळं. भात गिळता येत नाही बिचाऱ्याला, सुपारी कुठली खातोय?"

बेथानीचे नऊ सुपारी खात नाहीत. जेरी खाऊ शकत नव्हता. आणि केझायाचे दात. ते औषध दातात का जाऊन बसतं? मला हे शिकवलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, शहरात, पंख्याखाली बसून मी वहीत उतरवून घेतलं होतं. दात कशाचे असतात? हाडं, दात, शिंपले, प्रवाळ, आणि प्रवाळ भाजून काय होतं?

काखेत कळसा म्हणतात तो माझ्या काखेतल्या पिशवीतच होता. मी अंगणात जाऊन तोंडातला लगदा थुंकला. रोस्टा बघत राहिली.

चोर सापडला होता. पण उद्या त्याचं नाव सगळ्या गावासमोर, या बाईसमोर घ्यायचं होतं.

५

रविवारी प्रार्थनेनंतर दवाखान्यापुढे सगळा गाव जमला. पलीकडून डॉर्कस एकटीच होडी मारत आली. सेल्विन झाडाला टेकून उभा होता, ओठ सुकलेले, हातात काकडा. काकडा दवाखान्यासाठी होता.

मी दोन पेले मांडले. दोन्हींत पाणी, दोन्हींत त्याच डब्यातली कॅप्सूल फोडली. दोन्ही पाणी पिवळं आणि नितळ. मग कालच भिजवून गाळून ठेवलेली चुन्याची निवळी एका पेल्यात ओतली.

पाणी गढूळ झालं. थोड्या वेळाने पिवळा साका तळाशी बसायला लागला.

"हे काय?" जेरीने विचारलं.

"हे तुमचं औषध. या औषधाला एक हात असतो. किड्याच्या कारखान्यात शिरलं की त्याच हाताने ते तिथली कळ धरतं. पण वाटेत चुना भेटला तर तो हात चुनाच धरतो, आणि सोडत नाही. असं धरलेलं औषध पोटातून रक्तात जात नाही. जसं आत गेलं तसंच बाहेर पडतं."

कुणीतरी हळूच म्हणालं, "आम्ही तर प्रत्येक गोळीवर विडा खायचो. कडू जायला."

"बेथानीवाले खात नाहीत. जेरीचं तोंड आलेलं. म्हणून ते दहाजण बरे झाले. औषध एकच होतं. डॉर्कसने कुणाला पीठ चारलं नाही."

डॉर्कसने खाली बसून तोंड ओंजळीत लपवलं. मग रोस्टा उठली.

"म्हणजे चुना मी घातला," ती म्हणाली. "जास्त घातला. गिळ म्हणाले. म्हणजे मीच मारलं त्याला?"

हाच प्रश्न मला काल दुपारपासून खात होता. मी आत गेलो, भिंतीवरचा कागद खिळ्यातून उपटला आणि तिच्यासमोर धरला.

"आई, हे काय आहे?"

"शिंगवालं डुक्कर."

काहीजण हसले.

"ही गाय आहे. पेल्यात दूध आहे. औषध दुधाबरोबर घेऊ नका, असं हे चित्र सांगतं. का, तर दुधात तेच असतं जे चुन्यात असतं. या खाडीत गाय कुणी पाहिलीय? दूध कोण पितं? शहरातल्या पुस्तकात दूध होतं, मी दूध काढलं. ज्या दिवशी हे चित्र रंगवलं त्या दिवशीही माझ्या तोंडात विडा होता. खाली कोपऱ्यात बघ. पॅटेसन. ही माझी सही आहे. डॉर्कसला मीच एवढंच सांगितलं, आणि तिने तुला तेवढंच सांगितलं. तू पोराचं पोट सांभाळलंस. चूक माझी आहे."

हे बोलून मला हलकं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, फक्त बसावंसं वाटलं. आता हे लोक मला मारतील का, असा विचार आला, आणि मारलं तर मारोत असंही वाटलं. सेल्विन माझ्याकडे बघत होता. काकडा त्याने अजून खाली ठेवला नव्हता.

६

रोस्टा चालत सेल्विनजवळ गेली. काकड्याकडे तिने पाहिलंही नाही. त्याच्या गळ्यातली पिशवी उचकटून तिने चुन्याचा तुंबा काढला, दवाखान्याच्या दारापर्यंत आली आणि बांबूची दोरी सोडू लागली. गाठ घट्ट होती. डॉर्कस उठली आणि तिने दुसरी बाजू सोडली.

तुंबा रोस्टाने दाराच्या खिळ्याला टांगला. "सात दिवस," ती मुलाला म्हणाली. "हिच्या हातून घ्यायचं. मी इथे बसून बघणार."

"आई, ती..."

"तू गप. मला आता दुसरा नाही."

सेल्विनने काकडा वाळूत टाकला. डॉर्कसने पाणी ओतलं, कॅप्सूल त्याच्या तळहातावर ठेवली. ती त्याने गिळली. तिने सवयीने म्हटलं, "तोंड उघड," आणि त्याने लहान पोरासारखं उघडलं. मागे बाकीचे नऊजण रांगेत उभे राहिले, आणि आपापले तुंबे दाराशी ठेवू लागले.

मी पायरीवर बसून त्या जुन्या कागदाच्या मागच्या बाजूला नवं चित्र काढायला घेतलं. कॅप्सूल काढली. तुंबा काढला, काडी काढली, लाल फुली मारली.

सावली पडली म्हणून वर पाहिलं. रोस्टा होती. तिने घरून खलबत्ता आणला होता. तो तिने माझ्यासमोर पायरीवर ठेवला, माझ्या बाजूने नीट दिसेल असा फिरवला.

"हाही काढ," ती म्हणाली. "माझ्यासारखी कुणी म्हातारी असेल, तिला नुसत्या तुंब्यावरून कळायचं नाही."

मी खलबत्ता काढला. फुली मात्र माझ्याने मारवेना. मग तिनेच माझ्या हातातला लाल खडू घेतला.